डिझेलचे पैसे कोण देतं?

माझं काम हिशेब तपासण्याचं. त्यामुळे एखाद्या अभयारण्याचा किंवा सागरी उद्यानाचा वार्षिक अहवाल हाती आला की कासवांचे फोटो नंतर, आधी जमाखर्च. एवढे अहवाल चाळल्यावर माझं मत पक्कं झालंय: नवं काही उभारायला पैसा मिळतो, उभारलेलं चालू ठेवायला मिळत नाही. माहिती केंद्राला देणगीदार सापडतो, त्याच्या नावाची पाटीही लागते. गस्तीच्या बोटीच्या डिझेलला आणि रक्षकांच्या पगाराला कुणी सापडत नाही.

कॅरिबियनमधलं बोनेर बेट बघा. १९७९ मध्ये तिथं सागरी उद्यान झालं. सुरुवातीचं अनुदान होतं तोवर काम चाललं. ते संपलं आणि काही वर्षांत उद्यान कागदावरच उरलं. १९९० च्या सुमारास पुन्हा मदत मिळाली, पण या वेळी अट होती की पुढचा खर्च उद्यानानं स्वतः उभा करायचा. मग १९९२ पासून प्रत्येक डायव्हरकडून वर्षाला १० डॉलर घ्यायला सुरुवात झाली. पैसे भरले की प्लॅस्टिकचा बिल्ला मिळायचा, तो डायव्हिंगच्या सामानाला अडकवायचा. त्या १० डॉलरवर उद्यान पुन्हा उभं राहिलं.

असा पैसा कशाला लागतो, हे एका बोयावरून समजतं. बोटीनं प्रवाळावर नांगर टाकला तर कित्येक दशकांची वाढ एका ओढीत मोडते. म्हणून तळाच्या कातळात भोक पाडून स्टीलची कडी बसवतात, कडीला दोर, दोराच्या वरच्या टोकाला तरंगता बोया. बोटी त्यालाच बांधायच्या. पण दोरावर शेवाळ चढतं, शिंपले चिकटतात, लाटांच्या ओढीनं तो झिजतो. कुणीतरी नियमित पाण्यात उतरून तो घासायचा, तपासायचा, वेळेवर बदलायचा. बोया बसवला तो खर्च एकदाचा. हा मात्र कायमचा.

शुल्क घेतलं म्हणजे ते संवर्धनाला मिळालं, असंही नाही. बऱ्याच ठिकाणी तिकिटाचा पैसा सरकारी तिजोरीत जातो आणि उद्यानाला वर्षअखेरीस उरलंसुरलं मिळतं. इक्वेडोरच्या गालापागोस बेटांसाठी १९९८ च्या विशेष कायद्यानं तिकिटाच्या पैशाची वाटणीच ठरवून दिली होती: राष्ट्रीय उद्यानाला ४० टक्के, सागरी राखीव क्षेत्राला ५, नौदलाला ५, नगरपालिकांना २०, असं बरंच. परदेशी पाहुण्यांचं १०० डॉलर शुल्क ऑगस्ट २०२४ मध्ये थेट २०० झालं, पण माझी नजर रकमेपेक्षा वाटणीवर जाते. रवांडात गोरिला बघायचा परवाना १५०० डॉलरचा आहे आणि उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नातला १० टक्के वाटा आसपासच्या गावांना मिळतो. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण शेतात घुसलेल्या जनावराचं नुकसान ती गावं सोसतात.

तरीही फक्त तिकिटावर विसंबणं धोक्याचं. २०२० मध्ये विमानं थांबली आणि अनेक उद्यानांचं उत्पन्न आटलं. शिकारी मात्र थांबले नाहीत, गस्त तर घालावीच लागत होती. म्हणून मला कायम निधीची पद्धत पटते: मुद्दलाला हात लावायचा नाही, ते गुंतवायचं आणि परताव्यातून दरवर्षी काम चालवायचं. भूतानचा पर्यावरण निधी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून असाच चालतो.

अलीकडे कर्जाची अदलाबदल गाजते. २०२३ मध्ये इक्वेडोरनं सुमारे १६० कोटी डॉलरचं महागडं कर्ज पडत्या भावात, म्हणजे मूळ रकमेपेक्षा बरंच कमी देऊन, मिटवलं, त्याजागी सुमारे ६५ कोटींचं नवं काढलं आणि बचतीतला भाग गालापागोसच्या समुद्राला द्यायचं मान्य केलं. वर्षाला १ कोटी २० लाख डॉलरच्या आसपास थेट कामासाठी, शिवाय काही रक्कम कायम निधीत. ही दुसरी तरतूद मला जास्त आश्वासक वाटते, कारण करार संपल्यावरही ती उरेल. अशा व्यवहारांत विमा आणि मध्यस्थांचा खर्च किती, हे मात्र प्रत्येक वेळी उघड व्हायलाच हवं.

मी स्वतः देणगी देते तेव्हा अर्जावरचा ‘विशिष्ट प्रकल्पासाठी’ हा चौकोन रिकामा सोडते आणि खाली लिहिते: पगार, डिझेल, दोर, दुरुस्ती, कशालाही वापरा.