उजवीकडे थोडं कळतं

३ जुलै

परवा हनुवटी पुढे आणायचं ऑपरेशन झालं, काल पणजीहून घरी आलो. जुन्या गोव्यापासून फोंड्यापर्यंत पाऊस धो धो. बाबा गाडी इतकी सावकाश चालवत होते की बाणस्तारीला मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून थकले. गतिरोधक आला की मी खालचा जबडा तळहाताने धरायचो. दुखत फारसं नव्हतं. तिथे माझं काही आहे की नाही, तेच कळत नव्हतं.

खालच्या ओठापासून हनुवटीच्या टोकापर्यंत सगळं बधिर. दात काढताना इंजेक्शन देतात तसं, फक्त ते उतरत नाही. डॉक्टरांनी आधी नीट समजावलं होतं. ओठाच्या आतून काप, हाडावरच्या पातळ आवरणाखाली खिसा आणि त्यात ६ मिलिमीटर जाडीचा सिलिकॉनचा तुकडा. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस दोन्ही बाजूंना हाडातल्या एका छिद्रातून बाहेर येते. ती कापत नाहीत, पण खिसा करताना ताणली जाते. तेव्हा मी समजल्यासारखी मान हलवली होती.

घरी आम्ही कोंकणी बोलतो, पण शाळा मराठी, म्हणून हे सगळं मराठीतच सुचतंय.

५ जुलै

सूज आज सगळ्यात जास्त. दोन उशा पाठीशी घेऊन बसूनच झोपतो. खाण्यात उकड्या तांदळाची पेज, नाचणीचं तिजण आणि कोमट सार. प्रत्येक खाण्यानंतर औषधाच्या पाण्याने चूळ भरायची, खालच्या दातांना ब्रश लावायचा नाही. चूळ तोंडात राहत नाही, कोपऱ्यातून गळते.

गरम-थंड ओठाला कळत नाही म्हणून आई आधी पेजेत बोट घालून बघते आणि मग वाटी माझ्यापुढे ठेवते. दुपारी हनुवटीला शीत चिकटलं होतं. मला पत्ताच नाही. तिने काही न बोलता पदराने पुसलं. मी एकतीस वर्षांचा आहे. डोळे भरून आले, ते तिला दिसू नयेत म्हणून मी खिडकीबाहेर माडांकडे बघत राहिलो.

९ जुलै

रात्री तीनला डॉक्टरांना मेसेज लिहून ठेवला होता: काढून टाका. सकाळी सातला पाठवला.

आरशात दिसतो तो माणूस मला ओळखीचा वाटत नाही. हनुवटी चौकोनी, पुढे आलेली. पिवळी-हिरवी झाक गळ्यापर्यंत उतरली आहे. हसायला गेलो तर वरचा ओठ हसतो, खालचा जागचा हलत नाही.

डॉक्टरांनी फोन केला आणि शांतपणे बोलले. "आत्ता तुम्हाला दिसतेय ती सूज. दोन-तीन आठवड्यांत बरीच उतरेल, पण खरा आकार कळायला काही महिने जातात. ओठाखालचा स्नायू काप देताना सोडवून परत शिवलाय, तो आखडलेला आहे, म्हणून हसू तसं दिसतंय. पुढेही नकोच वाटलं तर सिलिकॉन काढता येतं. पण या आठवड्यात काही ठरवू नका."

हे त्यांनी आधीही सांगितलं असेल. ऑपरेशनच्या आधी माणूस फक्त नंतरचा फोटो बघतो.

१३ जुलै

हे लिहावं की नाही, असं दिवसभर वाटत होतं.

संध्याकाळी मी आणि बाबा समोरासमोर पेज घेत बसलो होतो. आई देवळात गेली होती. बाबांची हनुवटी माझ्यासारखी. म्हणजे माझी त्यांच्यासारखी होती: ओठाखालून सरळ गळ्याकडे मागे गेलेली. बाबांनी आयुष्यात कधी दाढी ठेवली नाही. मी विसाव्या वर्षी वाढवली ती अकरा वर्षं काढली नाही, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा काढली. बाजूने कोणी फोटो काढायला लागलं की मान वर करायची, हे माझ्या अंगवळणी पडलं होतं. लग्नाचं स्थळ आलं की पाठवायला समोरून काढलेला एकच फोटो.

बाबा वाटीत बघत म्हणाले, "माझ्याकडे बघून वाईट वाटायचं का रे तुला?"

मी "नाही" म्हटलं. ओठ नीट मिटत नाही, त्यामुळे शब्द फसकन बाहेर आला, अर्धवट. त्यांनी मान डोलावली आणि वाटी घेऊन उठले.

नाही हेच खरं होतं, पण एवढ्याने ते पुरं होत नाही. बाबा, तुमची हनुवटी मला कधी दिसलीच नाही. मला दिसायचे ते दुकानाच्या गल्ल्यावर बसलेले तुम्ही, पावसात मला शाळेत न्यायला आलेले तुम्ही. हनुवटी मला फक्त माझ्या फोटोत दिसायची. हे उद्या सकाळी सांगायचं आहे.

१४ जुलै

सांगितलं. ते म्हणाले, "बरं." मग गाडी काढली आणि टाके दाखवायला मला पणजीला घेऊन गेले. वाटेत मार्दोळला थांबून आईसाठी जाईचे गजरे घेतले. मलाही वास घ्यायला दिला.

२८ जुलै

कामावर पहिला दिवस. सूज बरीच उतरली आहे, टोकाला अजून कडक लागतं. सगळे म्हणाले, "दाढी काढलीस!" हनुवटीबद्दल एकानेही विचारलं नाही. एक सहकारी म्हणाला, "वजन कमी केलंस का?"

सुटल्यासारखं वाटलं आणि थोडं दुःखही झालं, दोन्ही खरं. अकरा वर्षं जे लपवलं, ते बहुधा कोणी बघतच नव्हतं. तरीही मला हे ऑपरेशन हवं होतं. आज काचेच्या दारात माझी एक बाजू अचानक दिसली आणि मी मान वर केली नाही.

डाव्या ओठात रात्री मुंग्या येतात, सुया टोचल्यासारख्या. नस जागी होतेय, दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, असं डॉक्टर म्हणाले. आता मुंग्यांची वाट बघतो.

२८ ऑगस्ट

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, काल झाली. गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची माटोळी मी आणि बाबांनीच बांधली. आरतीला शंख दरवर्षी मी वाजवतो. काल तोंडाला लावला, पण डाव्या कोपऱ्यातून नुसती हवा गेली. तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा बाबांनी हात पुढे केला, शंख चुलतभावाच्या मुलाकडे दिला आणि माझ्यापुढे घुमट, आमचं हाताने वाजवायचं मातीचं वाद्य, सरकवलं. घुमटाला ओठ लागत नाहीत. तासभर वाजवलं, बोटं सुजली.

आरती म्हणताना 'प' आणि 'ब' अजून सांडतात. 'म' जमतो.

६ सप्टेंबर

आतापर्यंत ट्रिमरच वापरत होतो. बधिर कातडीवर ब्लेड लावू नका, असं बजावलं होतं. परवा तपासून डॉक्टरांनी हो म्हटलं.

आज न्हाणीघरात बाबांच्या आरशासमोर दाढी केली. डावीकडे साबणाचा फेस कळत नाही, नुसता दिसतो. उजवीकडे थोडं कळतं. हनुवटीच्या वळणावर हात चुकला, कारण वळण नवीन आहे आणि हाताला जुनंच माहीत आहे. बारीकसं कापलं. बाबांची तुरटी घेऊन लावली.

झोंबली.