रात्रीच्या पडद्याचा उजेड

आईच्या खोलीत मी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडलेला सात इंची टचस्क्रीन भिंतीवर बसवला आहे. त्यावर मोठ्या अंकांतले घड्याळ आणि त्याखाली पंख्याचे बटण दिसते. रात्री मात्र त्याचा उजेड एवढा पडत असे, की आई त्यावर रुमाल टाकून झोपत असे. ते पाहून वाईट वाटले आणि उजेड प्रोग्राममधूनच कमी करायचे ठरवले.

या संगणकावर चालणाऱ्या लिनक्स प्रणालीत हे काम फाइलीत आकडा लिहिण्याइतके सोपे आहे. ‘सिस’मधल्या ‘क्लास’ फोल्डरात ‘बॅकलाइट’ (म्हणजे पडद्यामागचा दिवा) नावाचा फोल्डर असतो व त्यात या पडद्याचा फोल्डर असतो. त्याचे नाव प्रणालीच्या आवृत्तीनुसार बदलते, म्हणून ते प्रोग्राममध्ये कायमचे न लिहिता शोधून घ्यावे. ‘ब्राइटनेस’ फाइलीत ० ते २५५ यांतला आकडा लिहिला की उजेड बदलतो; ‘बीएल_पॉवर’मध्ये मात्र ० म्हणजे चालू आणि १ म्हणजे बंद. या फाइलींत लिहिण्याचा हक्क ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याकडे असतो; ‘सुडो’ ही आज्ञा पुढची आज्ञा त्याच्या हक्काने चालवते. पण ‘सुडो इको’ (‘इको’ दिलेला मजकूर छापते) लिहून पुढे बाणाच्या (>) चिन्हाने फाइल दिली तरी परवानगी नाकारली जाते, कारण ती फाइल ‘सुडो’ नव्हे, तर आपलीच शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा प्रोग्राम, उघडत असते; त्यामुळे स्वतः फाइलीत लिहिणारी ‘टी’ ही आज्ञा ‘सुडो टी’ अशी वापरावी, किंवा उपकरणांचे हक्क ठरवणाऱ्या ‘यूडेव्ह’चा नियम लिहून हक्क कायमचा द्यावा.

आकडे समान अंतराने कमी केल्यास डोळ्यांना तसे दिसत नाही. २०० वरून १९० वर आल्याचे कळतही नाही, पण २० वरून १० वर आल्यावर खोली बदलल्यासारखी वाटते. म्हणून मी दर पायरीला आकडा ठरावीक प्रमाणात घटवतो.

खरी अडचण पुढेच होती. बॅकलाइट बंद केली तरी स्पर्श चालूच राहतो. पहिल्याच रात्री आईने वेळ पाहण्यासाठी काळ्या पडद्यावर बोट ठेवले, ते नेमके बटणावर पडले आणि पंखा थांबला. उकाड्यात ती कितीतरी वेळ जागी होती. आता पडदा बंद होण्याआधी प्रोग्राम सगळ्या बटणांवर एक काळी खिडकी पसरतो. पहिला स्पर्श तीच घेते, उजेड १५ वर आणते आणि बोट उचलल्यावरच बाजूला होते. आईचा रुमाल आता उशाशी घडी घालून ठेवलेला असतो.