आमची वाटचाल : आधी कॅमेरा, मग कुदळ

आमच्या बाबांचं प्लंबिंगचं काम. पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यात ड्रेनेज लाईन तुंबली की बोलावणं यायचं. बांबूच्या कामट्या, झाकण उचलायला पहार आणि दोन माणसं, एवढ्यावर धंदा चालायचा. त्यातले एक काका एकदा चेंबरमध्ये उतरले आणि तिसऱ्या पायरीवरच त्यांचे हात सुटले. कमरेला दोर होता म्हणून ओढून काढता आलं. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "सडक्या अंड्यासारखा वास येत होता, मग एकदम येईनासाच झाला. मला वाटलं, गॅस गेला." हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. सुरक्षासाधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये आला. बाबांनी मात्र त्याआधीच, त्या दिवशीच, माणूस उतरवणं बंद केलं.

मग लाईन साफ कशी करायची? जोरदार दाबाच्या पाण्याने लाईन धुणारी जेटिंगची गाडी भाड्याने आणायला लागलो. मी धंद्यात आल्यावर कर्ज काढून चाकांवर चालणारा कॅमेरा घेतला. घरचे म्हणाले, गटाराचा सिनेमा बघायला एवढे पैसे? पण पहिल्याच आठवड्यात जे दिसलं, त्याने आमचं कामच बदललं. जुन्या स्टोनवेअरच्या, म्हणजे भाजलेल्या मातीच्या, पाईपा अजून ठणठणीत होत्या, उघडे पडले होते ते फक्त सांधे. त्यातून पिंपळाची मुळं केसांच्या जटेसारखी आत आलेली. सिमेंटच्या मोठ्या पाईपांचं दुखणं उलटं. खाली, जिथून पाणी वाहतं, तिथे पाईप धडधाकट आणि छत मात्र कुजलेलं. मैल्यातून सुटणारा तोच हायड्रोजन सल्फाइड पाण्यावरच्या मोकळ्या जागेत साचतो, छताच्या ओलीत जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते सिमेंट खातं. असाच एक तुकडा बाहेर काढला, तर त्यात स्क्रू-ड्रायव्हर ओल्या खडूत जावा तसा मुठीपर्यंत गेला. वरून दिवसभर पीएमपीच्या बस जात होत्या.

पेठेतला बोळ खणायचा म्हणजे पाण्याची लाईन, केबल, वाड्याचा पाया, सगळं धोक्यात. म्हणून आम्ही अस्तराचं काम शिकलो. रेझिनमध्ये, म्हणजे तापवल्यावर कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवलेली फेल्टची (जाड कापडाची) नळी पाण्याच्या दाबाने पाईपात उलटवत न्यायची आणि गरम पाण्याने कडक करायची. जुन्या पाईपात नवा पाईप तयार होतो. पाईपाच्या आतच अस्तर कडक करण्याचं काम एरिक वुड या ब्रिटिश अभियंत्याने १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा केलं. पाणी अडवून बायपास पंपाने पुढे सोडावं लागतं, म्हणून काम रात्री.

इथे आमची एक चूक सांगायलाच हवी. अस्तराने घरांची जोडणी झाकली जाते, ती नंतर आतून कापून उघडायची असते. एका वाड्याची जोडणी तुपकट थराखाली लपलेली, कॅमेऱ्यात दिसली नाही. सकाळी आजींचा फोन आला, "अरे बाळा, मोरीत पाणी वर येतंय." अर्ध्या तासात कटर घेऊन पोचलो, वाडा आम्हीच धुऊन दिला. तेव्हापासून लाईन स्वच्छ धुतल्याशिवाय आणि प्रत्येक घरातून रंगीत पाणी सोडून पाहिल्याशिवाय अस्तर घालत नाही.

पुढे मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांच्या दुरुस्तीची कामं मिळाली. गाळाने भरलेल्या ग्रिट चेंबर, म्हणजे वाळू-खडे खाली बसवायच्या टाक्या, आणि बुजलेले डिफ्युझर, म्हणजे टाकीच्या तळाशी बारीक बुडबुडे सोडणारी तोंडं. हवा ढकलणारा ब्लोअर पूर्ण जोराने चालू, वीजबिल चढतंय, पण टाकीत हवेचे बारीक बुडबुडे नाहीत, नुसत्या चार मोठ्या उकळ्या. नुसते डिफ्युझर बदलले की दुसऱ्या दिवशी टाकीचा पृष्ठभाग दुधासारखा फेसाळतो. ते बघायला मी अजून स्वतः जातो.

मुळा-मुठेसाठी जायका या जपानी संस्थेच्या मदतीने ११ नवी केंद्रं ठरली, दिवसाला ३९.६ कोटी लिटरची. हवीतच. पण मैलापाणी तिथवर पोचवतात या जुन्याच लाईनी. फुटक्या सांध्यांतून पावसाळ्यात ओढ्याचं पाणी आत शिरतं, उन्हाळ्यात मैला बाहेर झिरपतो. टेंडरमध्ये नवा पाईप मीटरवर मोजला जातो, पाहणीला मात्र बहुतेक वेळा ओळसुद्धा नसते. एका कार्यालयात तर आमचं पाहणीचं बिल दोन वर्षं अडकलं. तरी कॅमेरा घातल्याशिवाय आम्ही दर देत नाही. त्यापायी कामं गेली आहेत.

दोराने ओढून काढलेले ते काका आजही आमच्या गाडीवर असतात. गॅसमीटर त्यांच्याच हातात. दोरीला बांधून ते आधी वर, मग मध्ये, मग तळाशी सोडतात, प्रत्येक ठिकाणी आकडा स्थिर होईपर्यंत थांबतात. त्यांनी मान हलवेपर्यंत झाकणाजवळ कोणी वाकत नाही, मीसुद्धा नाही.