आप्पा, पाणबुडी आणि न उघडणारा बॉयलर

आई-आप्पा महिनाभर इकडे फ्रान्सला येऊन गेले. आप्पांना आयफेल टॉवर दाखवला तर म्हणाले "चांगलाय, पण रंग द्यायला किती माणसं लागत असतील रे", झालं, विषय संपला. आणि शेर्बूरला म्युझियममधली पाणबुडी बघायला नेलं तर हाच माणूस तीन तास बाहेर यायला तयार नाही, आई वैतागून कॅफेत जाऊन बसली. तर आधी हे सांगायला हवं की आप्पांची ३४ वर्षं आमच्याकडच्या साखर कारखान्यात बॉयलर हाऊसला गेलीत.

पाणबुडीचं नाव ल रदूताब्ल. फ्रान्सची पहिली अणुपाणबुडी, १९६७ ला पाण्यात उतरवली, १९९१ ला रिटायर झाली, १२८ मीटर लांब आणि आतून चालत बघता येते. आप्पा टर्बाइनपाशी हात मागे बांधून उभे राहिले, राउंडला उभे राहायचे अगदी तसे, आणि म्हणाले, "टर्बाइन ठीकाय. वाफ कुठनं येतीय? बॉयलर कुठाय?"

बॉयलर नाहीये. म्युझियम करताना अणुभट्टीचा अख्खा तुकडा कापून काढला आणि त्या जागी रिकामा तुकडा जोडला. हे सांगितल्यावर आप्पांचा चेहरा असा झाला की जत्रेला नेलं आणि देवळात देवच नाही.

मग परतीच्या गाडीत प्रश्नांची सरबत्ती. मी वाचून वाचून जेवढं जमवलंय तेवढं सांगत गेलो. शेवटी वाफच करायची, फक्त बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडांच्या, जागी युरेनियम. पण जमिनीतून येणाऱ्या युरेनियममध्ये कामाचं, म्हणजे २३५ नंबरचं, जेमतेम ०.७ टक्के असतं. वीजकेंद्रात ते ३ ते ५ टक्क्यांपर्यंत वाढवतात, आणि अमेरिकन पाणबुडीत मात्र ९३ टक्क्यांच्या वर, म्हणजे थेट बॉम्बच्या दर्जाचं. एवढं कडक इंधन असलं की भट्टी लहान होते आणि वर्षानुवर्षं चालते. १९५५ ला समुद्रात निघालेल्या अमेरिकेच्या पहिल्या अणुपाणबुडीचं, नॉटिलसचं, पहिलं इंधन साधारण दोन वर्षांत, ६० हजार सागरी मैलांच्या वर जाऊन संपलं होतं. त्यांच्या आताच्या व्हर्जिनिया क्लासला (क्लास म्हणजे एकाच नमुन्याच्या पाणबुड्या) एकदा भरलं की ३३ वर्षं बघायला नको, आणि पुढच्या कोलंबिया क्लाससाठी तर ४२ वर्षांचं टार्गेट आहे, म्हणजे पाणबुडी म्हातारी होईपर्यंत भट्टी उघडायचीच नाही.

"उघडायचीच नाही?" आप्पा सीटवर सरळ बसले. "आणि इन्स्पेक्शन?"

हा आप्पांचा दुखरा कोपरा. हंगाम संपला की बॉयलर उघडायचा, ट्यूबा साफ करायच्या, इन्स्पेक्टर येऊन बघणार, सर्टिफिकेट देणार, मग पुन्हा अग्निप्रदीपन, पूजा, नारळ. न उघडता ४२ वर्षं ही कल्पनाच त्यांना पटेना.

म्हटलं, थांबा, फ्रेंच लोक तुमच्यासारखेच आहेत. त्यांनी कमी टक्क्याचं इंधन धरलं. रुबी क्लासची पहिली पाणबुडी १९८३ ला सेवेत आली, पाण्याखाली वजन साधारण २६०० टन, म्हणजे अणुपाणबुड्यांत अगदी चिमुकली, आणि भट्टी ४८ मेगावॉटची. आताच्या सुफ्रेनमध्ये १५० मेगावॉटची भट्टी आहे, इंधन वीजकेंद्राच्या दर्जाचं, आणि दर दहा वर्षांनी बदलायचं. त्यासाठी पाणबुडीच्या अंगावर मोठी झाकणंच ठेवलीत.

"मॅनहोल," आप्पा खूश.

आता अडचण अशी की टक्का कमी म्हणजे बाकीचं बिनकामाचं युरेनियम जागा खाणार, आणि पाणबुडीत जागा कुठाय? मग तेवढ्याच जागेत जास्त युरेनियम ठासून बसवायला हवं. त्यातून फ्रेंचांच्या डोक्यातून निघालं कॅरामेल इंधन. खरंच हेच नाव. युरेनियम ऑक्साइडच्या छोट्या चौकोनी वड्या, त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या दोन पत्र्यांमध्ये बंद. आईच्या पर्समध्ये इझिन्यी गावच्या कॅरामेल गोळ्या होत्या, एक घेऊन दाखवली: ही वडी, हा कागद म्हणजे झिर्कोनियम. नेहमीचं इंधन कांड्यांच्या रूपात असतं, त्या जाड कांडीत मधला भाग भयंकर तापतो, पातळ वडीतली उष्णता पटकन पाण्यात जाते, त्यामुळे वडी त्यामानाने थंड राहते आणि आत तयार होणारे वायू आतच धरून ठेवते. (हेच कॅरामेल फ्रान्सने इराकला ओसिराक भट्टीसाठी ९३ टक्केवाल्याच्या बदल्यात देऊ केलं होतं, इराक नाही म्हणाला. १९८१ ला इस्रायलने ती भट्टी बॉम्ब टाकून उडवली.) आप्पांनी नमुना खाऊन टाकला.

रशियनांचं वेगळंच. त्यांच्या अल्फा क्लासमध्ये पाण्याऐवजी वितळलेलं शिसं आणि बिस्मथ फिरवायचे. भट्टी लहान, वेग ४० नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) वर, पण हे मिश्रण १२५ अंशांच्या खाली गेलं की घट्ट, म्हणून बंदरात उभी असतानाही गरम ठेवायची. "थंडीत लाईनमधली मळी," आप्पा म्हणाले, पुढं काही सांगायची गरजच नव्हती. अशाच शिसं-बिस्मथवाल्या के-२७ मध्ये मे १९६८ ला भट्टीत अपघात झाला, नऊ माणसं गेली. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

माझं म्हणाल तर मी पूर्ण आप्पांच्या बाजूने नाही. दर दहा वर्षांनी इंधन बदलायचं म्हणजे तेवढा काळ पाणबुडी गोदीत पडून, आणि अख्खा पॅसिफिक सांभाळणाऱ्या नेव्हीला ते परवडत नाही हे खरंच आहे. अमेरिकनांनी २०१६ च्या रिपोर्टात लिहिलं की कमी टक्क्याचं नवीन इंधन तयार करायला किमान १५ वर्षं लागतील आणि ते बसलंच तर विमानवाहू जहाजात बसेल, पाणबुडीत नाही. पण तीस-चाळीस वर्षं बॉम्बच्या दर्जाचा माल समुद्रात फिरवायचा, आणि आता ऑकसमुळे, म्हणजे अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या करारामुळे, ऑस्ट्रेलियालाही तो भरलेल्या पाणबुड्या मिळणार, उद्या आणखी कोणी म्हणेल आम्हालाही पाहिजे, तेव्हा कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? फ्रेंचांचं निदान चालतंय, समुद्रात चालतंय, कागदावर नाही.

रात्री घरी पोचल्यावर आप्पांनी कारखान्यातल्या जुन्या दोस्ताला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे पहाटेचे चार वाजले होते याचं भान नाही. "अरे ऐक की, ह्या अमेरिकेनं बॉयलर वेल्डिंग मारून बंद केलाय, चाळीस वर्षं!"

पलीकडून झोपेतला आवाज: "मग सर्टिफिकेट कोण देतंय?"