दुकानदाराचा कान

शारजाहून आणलेल्या, मामांच्या कपाटात राहिलेल्या कॅसेटच्या वेष्टनावर आज अनेक गायकांचे अंगठ्याएवढे फोटो ओळीने छापलेले दिसले. गीतकार-संगीतकारांची नावे मात्र त्यावर कुठेच नव्हती. "निवड दुकानदाराची असायची, त्याच्या कानावर आमचा भरवसा होता," असे मामा सहज म्हणाले.

ते वाक्य दिवसभर मनातून गेले नाही.

अशा मिश्र कॅसेटला अरब देशांत 'कॉकटेल' म्हणत. इजिप्तचा अम्र दियाब, अल्जीरियाचा खालिद आणि इराकचा काझिम अल-साहिर यांना एकाच कॅसेटवर शेजारी बसवताना कुठल्या गाण्यानंतर कुठले शोभेल, हे निवडणारा माणूस स्वतः ठरवत असे. बाजू संपली की गाणे मध्येच तुटे, आणि ऐकणाऱ्याला ते तिथपर्यंतच पाठ होई.

यातल्या कितीतरी प्रती चोरट्या असत आणि कलावंतांच्या हाती त्यातून काहीच पडत नसे, हा अन्याय मला विसरता येत नाही. तरीही १९७०च्या दशकात कैरोच्या सरकारी रेडिओने ज्याला दूर ठेवले, त्या अहमद अदावियाचा आवाज टॅक्सींतून आणि चहाच्या दुकानांतून घुमत राहिला, तो कॅसेटमुळेच. अभिरुची ठरवण्याचा अधिकार तेव्हा पहिल्यांदा सामान्य माणसाच्या हाती आला, असे मला मनापासून वाटते.

त्या निवडणाऱ्यांची नावे कुणी, कुठे लिहून ठेवली असतील का?