हायलक्सचा पहिला नंबर रेंजरकडे कसा गेला

ऑस्ट्रेलियात २०१६ ते २०२२ अशी सलग सात वर्षं सगळ्यांत जास्त खपलेली गाडी म्हणजे टोयोटा हायलक्स, मागे हौदा असलेली पिकअप. २०२३ मध्ये फोर्ड रेंजरने तिला गाठलं: रेंजर ६३,३५६, हायलक्स ६१,१११. २०२४ मध्ये अंतर आणखी वाढलं. रेंजर ६२,५९३ वर राहिली, हायलक्स ५३,४९९ पर्यंत खाली आली आणि दुसऱ्या जागेवर टोयोटाचीच आरएव्ही४ ही एसयूव्ही येऊन बसली. आपल्याकडे पिकअप म्हटलं की टोमॅटोच्या क्रेटने भरलेली बोलेरो डोळ्यांसमोर येते. इथे ऑस्ट्रेलियात पिकअपला यूट म्हणतात. आठवडाभर ती सुताराची, प्लंबरची हत्यारं वाहते आणि शनिवारी तीच मुलांना मैदानावर सोडते, मागे बोट किंवा कॅराव्हॅन (चाकांवरचं घर) ओढते.

हा पहिला नंबर जाहिरातींनी हलला असं आम्हाला वाटत नाही. आधी कर आणि कायदे बदलले, त्यांच्यामागून गिऱ्हाईक बदललं, आणि ते नवं गिऱ्हाईक फोर्डने आधी ओळखलं.

यूट मुळात इथलीच. फोर्डच्या जिलाँग कारखान्यातल्या लुईस बँट या तरुण अभियंत्याने आखलेली पहिली यूट १९३४ मध्ये बाजारात आली. रविवारी चर्चला जाता यावं आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता यावीत अशी एकच गाडी द्या, असं एका शेतकऱ्याच्या बायकोने कंपनीला लिहिलं होतं, ही कथा इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे कित्येक दशकं फोर्ड आणि होल्डन अशी दोन घराणीच होती. बापाने होल्डन घेतली तर पोरगा फोर्डकडे फिरकत नसे. या यूट मोटारीच्या सांगाड्यावरच्या, बसक्या आणि वेगवान. १ जानेवारी २००५ ला थायलंडशी मुक्त व्यापार करार लागू झाला, तिथून येणाऱ्या पिकअपवरचं आयातशुल्क उठलं, आणि उंच, शिडीसारख्या चासीची चार दारांची डबल कॅब स्वस्त पडू लागली. ऑक्टोबर २०१६ मध्ये फोर्डने, तर ऑक्टोबर २०१७ मध्ये टोयोटा आणि होल्डनने इथलं उत्पादन थांबवलं. २०२० मध्ये होल्डन हे नावच मोडीत निघालं. आज हायलक्स, बहुतेक रेंजर आणि इसुझू डी-मॅक्स थायलंडहूनच येतात.

त्यात करांनी भर घातली. माल वाहण्यासाठी बनलेल्या गाडीला इथला लक्झरी कार टॅक्स लागत नाही. नोकरीत मिळालेल्या गाडीवर मालकाला जो फ्रिंज बेनिफिट टॅक्स भरावा लागतो, त्यातूनही यूटला सूट मिळू शकते. अट अशी की खासगी वापर घर ते काम आणि क्वचित किरकोळ फेऱ्या एवढाच हवा. ऑक्टोबर २०२० ते जून २०२३ या काळात तर धंद्यासाठी घेतलेल्या अशा गाडीची सगळी किंमत पहिल्याच वर्षी खर्चात दाखवता येत होती. छोट्या कंत्राटदाराने घरच्या मोटारीऐवजी चार दारांची यूट घेतली, यात नवल नाही. मग तीच घरची एकमेव गाडी झाली आणि आतल्या माणसांच्या सोयीला किंमत आली.

रेंजर पुढे गेली ती इथे. तिची आखणी आणि चाचण्या मेलबर्नच्या अभियंत्यांनी केल्या. २०२२ च्या नव्या पिढीत दोन चाकांमधली रुंदी ५० मिलिमीटरने वाढवली, त्यामुळे हौद्यात चाकांच्या कमानींच्या मध्ये ११६५ मिलिमीटरचं ऑस्ट्रेलियन पॅलेट (माल रचायची लाकडी फळी) बसू लागलं. मागच्या चाकामागे हौद्यात चढायला पायरी दिली. ३ लिटर व्ही६ डिझेल, १८४ किलोवॅट, ६०० न्यूटन-मीटर. आणि त्याला अशी फोर-व्हील ड्राइव्ह की कोरड्या डांबरावरही लावून ठेवता येते. त्या वेळच्या बहुतेक हायलक्समध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल जोडला की दोन्ही एकाच वेगाने फिरतात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. मातीत चाक थोडं घसरून तो फरक निघून जातो, डांबरावर मात्र तो ताण शाफ्टवर आणि दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो. म्हणून पावसाळी डांबरी घाटात हायलक्सवाला टू-व्हीलमध्ये, म्हणजे रिकाम्या हौद्याच्या हलक्या मागच्या चाकांवर चालवणार. शिवाय २०२५ च्या अखेरीस नवी पिढी येईपर्यंत बहुतेक हायलक्सना मागे ड्रम ब्रेकच होते.

हायलक्सला डीपीएफनेही, म्हणजे धुराच्या नळीतल्या गाळणीनेही घेरलं. डिझेलची काजळी या गाळणीत साठते आणि सुमारे ६०० अंशांवर जाळून टाकावी लागते. त्यासाठी गाडी काही वेळ मोकळ्या रस्त्यावर न थांबता चालावी लागते. रोज पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर जाळणं अर्धवट राहतं आणि जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. हायलक्सची तऱ्हा आणखी वेगळी होती: ताशी १०० किलोमीटरच्या सलग प्रवासातही गाळणी नीट साफ होत नव्हती, पांढरा धूर निघत होता. १ ऑक्टोबर २०१५ ते २३ एप्रिल २०२० या काळातल्या अडीच लाखांहून जास्त हायलक्स, फॉर्च्युनर आणि प्राडोंबद्दल खटला झाला आणि २०२२ मध्ये फेडरल कोर्टाने दोष मान्य केला. तरी खाणींत आणि दूरच्या शेतांवर हायलक्स टिकून राहिली, कारण आडगावातही तिचा सुटा भाग आणि मेकॅनिक मिळतो. शहराबाहेर हे कारण व्ही६ पेक्षा मोठं आहे.

इथे नव्याने आलेले आपले लोक यूट घेताना ३,५०० किलो ओढते हा एकच आकडा पाहतात, म्हणून हिशेब नीट मांडतो. चार आकडे लागतात: गाडीचं मोकळं वजन, जीव्हीएम (गाडी आणि तिच्यावरचा सगळा भार यांची कमाल मर्यादा), जीसीएम (गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल मर्यादा) आणि टोबॉलवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्यावर दाबणारं वजन. समजा मोकळं वजन २,२००, जीव्हीएम ३,१०० आणि जीसीएम ५,९०० किलो आहे. मागे ३,५०० किलोची कॅराव्हॅन लावली की गाडीच्या वाट्याला २,४०० उरतात. म्हणजे माणसं, कुत्रा, फ्रिज, हत्यारं, सगळं मिळून २०० किलो. तीन धडधाकट माणसं बसली की संपलं. कॅराव्हॅनच्या सुमारे दहा टक्के, म्हणजे ३५० किलो टोबॉलवर येतात आणि ते जीव्हीएममध्ये धरायचे. पुढचा लोखंडी बुलबार, विंच, हौद्यावरचं कॅनपी, दुसरी बॅटरी हे सगळं ९०० किलोंच्या (३,१०० वजा २,२००) भारक्षमतेतून वजा होतं. नुसता बुलबार ६० किलोंच्या पुढे जाऊ शकतो.

ट्रेलर ७५० किलोंवर गेला की त्याला स्वतःचे ब्रेक हवेत. २,००० किलोंवर सगळ्या चाकांना ब्रेक, आणि ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारी यंत्रणा. इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर ड्रायव्हरच्या हाताशी बसवावा लागतो.

सगळ्यांत महाग चूक चासी वाकण्याची. गाडी मागून बसली की लोक मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर हवेच्या पिशव्या बसवतात. गाडी सरळ दिसते, पण पाटे चासीला दोन टोकांना भार देतात आणि पिशवी तोच भार मधल्या एका जागी देते. ॲक्सलच्या मागे लांबवर टोबॉल आणि भरलेला हौदा, खाली खडबडीत रस्ता. चासी त्या जागी वाकते, आणि जास्त भार होता असं दिसलं तर विमा कंपनी हात वर करू शकते. निघण्यापूर्वी सगळं भरून सार्वजनिक वजनकाट्यावर जा. आधी ट्रेलर जोडून दोन्ही ॲक्सल वेगळे तोला, मग ट्रेलर सोडून पुन्हा तोला.

आता बाजी पुन्हा पालटते आहे. १ जानेवारी २०२५ पासून नव्या गाड्यांच्या कार्बन उत्सर्जनाला मर्यादा आली. यूटच्या गटात पहिल्या वर्षी सरासरी किलोमीटरला २१० ग्रॅम, २०२९ मध्ये ११०. गाडीच्या वजनानुसार यात थोडा फरक पडतो. जादा प्रत्येक ग्रॅमला प्रत्येक गाडीमागे ५० डॉलर दंड. १०० किलोमीटरला ८.४ लिटर डिझेल पिणारी यूट साधारण २२२ ग्रॅम सोडते. म्हणून प्लग-इन हायब्रिड, म्हणजे इंजिनासोबत चार्ज करता येणारी बॅटरी असलेल्या यूट आल्या. बीवायडी या चिनी कंपनीची शार्क ६ बाजारात आली तेव्हा तिची किंमत ५७,९०० डॉलर अधिक नोंदणी वगैरे, २९.६ किलोवॅट-तासांची बॅटरी, ३२१ किलोवॅट ताकद, आणि साइटवर करवत-ड्रिल चालवायला हौद्यातच वीज. शहरातल्या इलेक्ट्रिशियनला आम्ही ती बेलाशक सुचवू. पण ही मूळ शार्क ६ २,५०० किलोच ओढते, भार ७९० किलो, अवघड चढ-चिखलासाठीचा लो-रेंज गिअर नाही आणि मागच्या चाकांना इंजिनची थेट जोड नाही. बॅटरी उतरल्यावर लांब चढावर किंवा वाळूत तिचा जोर कमी होतो. जड कॅराव्हॅन ओढणाऱ्याने रेंजरचीच प्लग-इन पाहावी. ती ३,५०० ओढते, पण ११.८ किलोवॅट-तासांच्या बॅटरीवर शहरातलं रोजचं जाणं-येणंच भागेल.

महिंद्राची स्कॉर्पिओवर बेतलेली पिकअप इथे बरीच वर्षं विकली गेली आहे. १०३ किलोवॅट, २,५०० किलो ओढ, कमी किंमत. शेतावर लोखंडी ट्रे लावून ती चांगली राबते. पण मोठ्या खाण कंपन्या ताफ्यासाठी सुरक्षा चाचणीत पाच तारे मागतात आणि घरगुती गिऱ्हाईक ३,५०० चा आकडा मागतं. ऑगस्ट २०२३ मध्ये केपटाउनला महिंद्राने स्कॉर्पिओ-एनवर आधारलेली जागतिक पिकअप दाखवली. ती या दोन अटी पुऱ्या करून उतरली तर रेंजरला नाही, पण चिनी डिझेल यूटना इथे थेट स्पर्धा मिळेल.