दर वेळी वेगळ्या टक्क्यावर

नव्या मशीनवर विंडोज चढत नाही ही तक्रार आमच्याकडे नेहमीची. बहुतेक वेळा पेनड्राइव्ह नीट बनवलेला नसतो, आयएसओ, म्हणजे विंडोज टाकायची मूळ फाइल, अर्धवट डाउनलोड झालेली असते, नाहीतर इन्स्टॉलरला एसएसडीच दिसत नसते. त्या दिवशी आलेली मुलगी व्हिडिओ एडिटिंग करणारी होती. सुटे भाग घेऊन तिनं मशीन स्वतः जोडलं होतं. पेनड्राइव्ह बदलून झाला होता, आयएसओ पुन्हा उतरवून झाली होती. इतरांनी ‘फॉरमॅट मारून परत टाका’ एवढंच सांगितलं होतं.

“कधी सुरुवातीलाच अडतं, कधी निम्म्यावर. एकदा तर पूर्ण झालं, डेस्कटॉप आला, मी जुन्या डिस्कवरून शूटिंगच्या फाइली कॉपी करून घेतल्या आणि मग निळी स्क्रीन,” ती म्हणाली. प्रत्येक एररचा फोटो तिनं काढून ठेवला होता. एकात ‘मेमरी मॅनेजमेंट’, दुसऱ्यात ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, तिसऱ्यात नुसतं ‘फाइल खराब आहे किंवा सापडत नाही’.

ते फोटो पाहूनच माझा संशय पेनड्राइव्हवरून उठला. पेनड्राइव्हवरची फाइल खराब असेल तर इन्स्टॉलेशन साधारण त्याच जागी, त्याच तक्रारीनं अडतं. जागा आणि एरर दोन्ही दर वेळी बदलत असतील तर आधी रॅमकडे बघायचं, मग प्रोसेसरकडे. इन्स्टॉलेशन हे रॅमच्या दृष्टीनं फार कठीण काम आहे. विंडोजच्या फाइली एका मोठ्या, दाबून भरलेल्या फाइलमध्ये असतात. त्या रॅममध्ये उलगडल्या जातात आणि प्रत्येकीची बेरीज (चेकसम) मूळ नोंदीशी ताडून पाहिली जाते. उलगडताना एक बिट, म्हणजे एखादा ० किंवा १, जरी उलटला तरी पुढचा सगळा मजकूर बिघडतो, बेरीज जुळत नाही आणि इन्स्टॉलर ‘फाइल खराब’ म्हणून हात वर करतो. फाइल मात्र पेनड्राइव्हवर धडधाकट असते.

तिनं हळूच विचारलं, “दादा, माझ्या हातून काही तुटलं का हो?”

“ताई, अजून काहीच ठरलेलं नाही. आधी टेस्ट लावू.”

स्वतः मशीन जोडणाऱ्या माणसाला पहिला दोष त्याच्या हाताला देण्याची आमच्या धंद्यात वाईट सवय आहे, आणि मला ती मनापासून खटकते. तिची जोडणी सुबक होती. रॅमच्या दोन्ही पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये होत्या, म्हणजे जिथे हव्यात तिथेच. पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमचं मशीन काही मिनिटं काळी स्क्रीन दाखवत बसतं, कारण बोर्ड रॅमचं टायमिंग जुळवून घेत असतो. घाबरून मधेच पॉवर बंद करणारे खूप असतात. तिनं वाचून ठेवलं होतं आणि थांबली होती.

रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ लावलं. हे ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय थेट पेनड्राइव्हवरून चालतं, म्हणून अशा वेळी फार उपयोगी. पहिली फेरी पुरी व्हायच्या आतच लाल ओळी उमटायला लागल्या. प्रत्येक ओळीत रॅममधल्या जागेचा पत्ता, मग काय लिहिलं होतं आणि काय परत मिळालं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून मी तिला दाखवले: सगळं सारखं, फक्त एका जागी १ ऐवजी ०. पत्ते बदलत होते, पण चुकणारा बिट जवळजवळ दर ओळीत तोच. रॅमच्या चिपमधला एखादा कप्पा गेला असेल तर पत्ताही तोच तोच येतो. इथे बिट एक आणि पत्ते अनेक, म्हणजे त्या बिटाची वाटच कुठेतरी कच्ची असावी.

रॅम ६००० च्या प्रोफाइलवर, म्हणजे जास्त वेगाच्या तयार सेटिंगवर होती. ती प्रोफाइल बंद करून ४८०० वर आणली, तशा चुका कमी झाल्या. बरेच जण इथेच थांबतात आणि ‘रॅम हळू चालवा’ असं सांगून मशीन परत देतात. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि रॅमच्या बाबतीत शून्याशिवाय दुसरा आकडा मी मानत नाही. मग एकेक पट्टी घेतली. दुसऱ्या स्लॉटमध्ये दोन्ही पट्ट्या आळीपाळीनं स्वच्छ पास झाल्या. चौथ्या स्लॉटमध्ये त्याच दोन्ही पट्ट्या आळीपाळीनं नापास. रॅम निर्दोष होती.

राहिला तो चौथ्या स्लॉटपासून प्रोसेसरपर्यंतचा रस्ता. रॅमशी देवाणघेवाण करणारा मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरच्याच आत असतो, आणि प्रोसेसर सॉकेटमधल्या हजाराहून जास्त बारीक स्प्रिंगसारख्या पिनांवर नुसता दाबून बसवलेला असतो. वरून कूलरचा दाब एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी पडला तर काही पिना जेमतेम टेकतात. त्यातली एखादी रॅमच्या वाटेवरची असली की नेमके असेच खेळ होतात.

कूलर काढला आणि त्याच्या व प्रोसेसरच्या मधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पेस्टचा ठसा पाहिला. एका कोपऱ्यात पेस्ट इतकी पातळ दबली होती की खालचा धातू दिसत होता. समोरच्या कोपऱ्यात ती जाड थरानं तशीच राहिली होती. एक स्क्रू आधी पूर्ण आवळला गेला होता आणि बाकीचे नंतर. कूलरबरोबर आलेल्या कागदावर फक्त चार बाणांचं चित्र होतं, क्रम दिलेलाच नव्हता. प्रोसेसर उचलून सॉकेट भिंगाखाली धरला. सगळ्या पिना सरळ, एका रांगेत. तेव्हा मला खरा आनंद झाला, कारण वाकलेली पिन निघाली असती तर बहुधा बोर्डच बदलावा लागला असता.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, नवी लावली. स्क्रू तिनंच आवळले. समोरासमोरच्या कोपऱ्यांत, प्रत्येकाला थोडे थोडे फेरे देत, शेवटपर्यंत एकही पुढे जाऊ न देता. मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवलं. सकाळी एकही लाल ओळ नव्हती. ६००० ची प्रोफाइल चालू करून पुन्हा तेवढाच वेळ दिला, तरी नाही.

आधीचं पूर्ण झालेलं विंडोज तसंच ठेवायचं का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. खराब वाटेनं आलेल्या फाइलींवर भरवसा कसा ठेवणार? एसएसडी पुसून नव्यानं टाकलं आणि या वेळी ते कुठेही न अडखळता पार पडलं.

पण मला खरी धास्ती होती ती तिच्या कॉपी केलेल्या शूटिंगची. डीडीआर५ च्या चिपमध्ये स्वतःची चूकदुरुस्ती असते, पण ती चिपच्या आतल्यापुरती. चिप ते प्रोसेसर या वाटेवर बिट उलटला तर साध्या मशीनमध्ये तो कुणालाच कळत नाही. फाइल कॉपी होते, ‘झालं’ असा संदेशही येतो. म्हणून एसएसडी पुसण्याआधी ती दुसऱ्या मशीनला जोडून त्या कॉपी बाहेर काढल्या आणि एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) काढून जुन्या डिस्कवरच्या मूळ फाइलींशी ताडून पाहिल्या. बहुतेक जुळल्या, काही जुळल्या नाहीत. न जुळलेली एक क्लिप उघडली तेव्हा मधेच चित्राचे चौकोनी तुकडे पडत होते.

जुनी डिस्क तिनं अजून पुसलेली नव्हती. बिघडलेल्या कॉपी टाकून दिल्या, मूळ फाइली नव्या मशीनवर पुन्हा उतरवल्या आणि सगळ्या ताडून झाल्यावरच ती मशीन घेऊन गेली.